पंखे सात, हवा बेपत्ता

जितके पंखे जास्त तितका गारवा जास्त, असं म्हणणाऱ्या माणसाला मे महिन्यात मंगल कार्यालयात दुसऱ्या पंगतीला जेवायला बसवावं. छताला वीस पंखे गरगरत असतात आणि जिलेबी मोडणाऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम थेट मठ्ठ्यात उतरत असतो. कारण उघड आहे. डेकोरेशनवाल्याने खिडक्यांवर मखमली पडदे ताणलेले असतात. आतली तीच गरम हवा वीस पंखे एकमेकांकडे ढकलत बसतात, सरकारी खात्यातल्या फायलीसारखी. पण तिथला पाहुणा निदान हात धुऊन घरी जाऊ शकतो. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलेल्या प्रोसेसरला ती सोय नाही.

चिरंजिवांसाठी कॉम्प्युटर घ्यायला मी लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने एक काचेची पेटी पुढे केली. ‘‘सात फॅन आहेत साहेब, सातही लाइटवाले!’’ आत लाल-हिरवं-निळं असं गणपतीच्या आरासीसारखं काहीतरी चाललं होतं. पेटीचं तोंड काचेचं, कूसही काचेची. मी विचारलं, ‘‘यात हवा शिरते कुठून?’’ सराफाच्या पेढीवर कांद्याचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. चिरंजीव कानाशी लागले, ‘‘बाबा, हळू बोला ना!’’ शेवटी काचेच्या कडेला बोटभर फट सापडली. पुढच्या तीन पंख्यांनी म्हणे त्या फटीतून श्वास घ्यायचा! आणि या नाक दाबलेल्या पेटीला जाळीच्या साध्या डब्यापेक्षा जास्त पैसे मोजायचे. का म्हणून?

कोकणातलं आमचं घर बांधणाऱ्या गवंड्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पण पुढचं दार आणि मागचं दार त्याने एका रेषेत ठेवलं. ओटीवर आलेला वारा माजघरातून परसात निघून जायचा. डब्यालाही एवढंच लागतं. पुढून, खालच्या अंगाने आत; मागून, वरच्या अंगाने बाहेर. 120 मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घ्यायला, एक बाहेर टाकायला. घरगुती कामाला तीन पुरतात. पंखा उलटसुलट लागू नये म्हणून एक खूण आहे : मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या ज्या बाजूला, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. बाकी सगळी आरास.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला यात जमा आणि नावे तेवढं दिसतं. जेवढी हवा बाहेर, तेवढी कुठून तरी आत आलीच पाहिजे. हवेचं खातं उधारीवर चालत नाही. बाहेर टाकणारे पंखे जोरदार आणि आत घेणारे दुबळे असले, की डबा मिळेल त्या फटीतून हवा ओढतो. फटीला गाळणी नसते. मग धूळ, जळमटं, मांजराचे केस, सगळं व्याजासकट जमा होतं. म्हणून जमेची बाजू किंचित जड ठेवावी आणि पुढची गाळणी महिन्या-दोन महिन्यांनी झटकावी.

यावर पंखेवाल्यांचा हुकमी एक्का असतो : ‘‘गरम हवा वर जाते, म्हणून वर पंखे हवेत.’’ जाते हो! पण पंख्याच्या ओढीपुढे तिच्या त्या वर जाण्याला काही किंमत नसते. पंखा नेईल तिकडे ती मुकाट जाते. उलट छताला अगदी पुढे बसवलेला पंखा नुकती आत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. वाढपी आपल्या पानाशी यावा आणि कुणीतरी मधल्यामध्ये पातेलंच पळवावं, तसं! शिवाय पंखा म्हणजे एअर कंडिशनर नव्हे. खोलीत 40 अंश असतील तर सात काय, सत्तर पंखे लावले तरी डब्यात 40 च्या खाली काही यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ पंख्यांवरून एवढा का तापलाय? तर सांगतो. प्रोसेसर साधारण 95-100 अंशांना पोचला, की जळू नये म्हणून आपणहून काम हळू करतो. (हा शोध आमच्या खात्यात कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी लागलेला होता.) आमच्या शाखेच्या नूतनीकरणात काउंटरखालचे सगळे डबे सनमायक्याच्या कपाटांत कोंडले. दार बंद, मागे फळी. दिसायला सुबक! पेन्शनच्या दिवशी दुपारी बारानंतर माझं मशीन धापा टाकायला लागतं. काचेपलीकडे काठी टेकून उभे असलेले ऐंशीचे आजोबा मला म्हणतात, ‘‘अहो साहेब, जरा हात चालवा की.’’ माझा हात चालतोय हो, पण खाली त्या कपाटात हवा चालत नाही, हे आजोबांना कसं सांगू?

मी कपाटाची दारं काढून टाकावीत असा रीतसर अर्ज वर पाठवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं : दारं काढण्यासाठी तीन कोटेशनं मागवून सादर करावीत. दरम्यान तात्पुरता उपाय म्हणून शाखेला एक टेबल फॅन मंजूर झाला आहे. तो मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये ठेवलाय.