नट नव्हे, संहिता तपासा
गांधीजींच्या मारेकऱ्याला रंगमंचावर बोलू द्यावे का, हा वाद महाराष्ट्रात जुनाच. १९९८ मध्ये प्रदीप दळवींच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’वर राज्य सरकारने बंदी घातली, २००१ मध्ये उच्च न्यायालयाने ती उठवली. दरम्यान नाटकाची फुकट जाहिरात तेवढी झाली. २०२२ मध्ये जुन्या चित्रपटातल्या नथुरामाच्या भूमिकेवरून खासदार अमोल कोल्हे यांच्यावर स्वपक्षीयही तुटून पडले. शरद पवारांनी पाठराखण करूनही कोल्हे यांनी आळंदी गाठून आत्मक्लेश केला. भूमिकेबद्दल नटाने प्रायश्चित्त घ्यायचे, हा न्याय अजबच! पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांनी मग किती वाऱ्या करायच्या होत्या? संताप रास्त असेल, तर जाब लेखकाला विचारा: खुन्याचे म्हणणे खोडून काढणारे पात्र तुमच्या संहितेत कुठे आहे?