संकटात देऊळ आठवते, तर बिघडले कुठे?

‘अडचण आली की देव आठवतो’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यात काही खटकण्यासारखे आहे, हेच आपण विसरून गेलो आहोत. आम्ही धर्मगुरू ते प्रवचनात बोलतो आणि मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर उभे राहून नित्यनेमाचे भाविक बोलतात. बोलणाऱ्याच्या सुरात एक तृप्ती असते. आम्ही मात्र बारमाही येतो, अशी. या वाक्याविरुद्ध आम्हांला बोलायचे आहे, आणि प्रथम स्वतःविरुद्ध.

काही वर्षांपूर्वी आमच्या सकाळच्या मिस्साला एक बाई येऊ लागल्या. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत, ख्रिस्तप्रसाद न घेता निघून जात. घरकर्त्याची नोकरी गेली होती, डोक्यावर कर्ज होते, हे आम्हांला नंतर कळले. त्या सुमारास आम्ही रविवारच्या प्रवचनात एक दृष्टान्त दिला होता : देवाला छत्री समजू नका, पाऊस आला की उघडायची आणि ऊन पडले की कोपऱ्यात ठेवायची. लोक हसले. दृष्टान्त आमचा आम्हांलाच इतका आवडला की सोमवारी सकाळी तो आम्ही पुन्हा सांगितला. मंगळवारपासून शेवटचे बाक रिकामे राहिले. आठवड्याभराने आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, कप पुढे ठेवला आणि जराही राग न दाखवता म्हणाल्या, “फादर, मग दुसरीकडे कुठं जायचं, तेवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

सेमिनरीत आम्ही जे शिकलो, त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते असे नाही. आम्ही ते कधी लोकांपुढे नेले नाही, इतकेच. शुभवर्तमान उघडून पाहावे. प्रभू येशूकडे सुखात असताना कोण आले? याईर सभास्थानाचा अधिकारी होता, पण तो पाया पडला तो मुलगी मरणाच्या दारात असताना. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री वैद्यांवर सर्व पैसा खर्चून झाल्यावर आली. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडू लागला तेव्हा त्याला गप्प राहा म्हणणारे लोक होतेच. आमच्या छत्रीच्या दृष्टान्ताची खरी जागा त्या गर्दीत आहे. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला. बाकीचे नऊ कुठे, असे प्रभूने विचारले खरे, पण त्या नऊ जणांचा रोग त्यांना परत दिला नाही.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचे म्हणणे असे की संकटात रडू नका, फक्त स्तुती करा, टाळ्या वाजवा, टेन्शन पळून जाईल. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला स्तुतिगीते गात होते आणि भूकंप होऊन दारे उघडली, हा उतारा अशा वेळी हमखास वाचला जातो. तो वाचावाच. परंतु त्याच पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले प्रकरण त्या सभांतून आम्ही फारसे ऐकलेले नाही. स्तुतीचा असा नुस्खा झाला की तो ज्याला लागू पडत नाही, त्याच्या माथी दुःखाबरोबर अल्पविश्वासाचा ठपकाही बसतो. निद्रानाश आणि नैराश्य यांनी खंगलेल्या माणसाला डॉक्टरांच्या गोळ्या सोडून केवळ प्रार्थनेवर राहा असे सांगणारे भेटतात, तेव्हा आमचा संताप आवरत नाही. आपल्याच बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्यांनी वाचावा. तेथे आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगितले आहे आणि वैद्याला जागा द्यायलाही सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले.

दटावणारे आणि टाळ्या वाजवायला लावणारे, या दोघांचीही चूक मुळात एकच आहे. विलाप हीदेखील उपासना आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतील सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच थांबते. मातृसंस्था चर्चने ते गाळले नाही. शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत आम्ही धर्मगुरू ते दर आठवड्याला म्हणतो. व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाग्रंथाची नवी रचना झाली तेव्हा शापवाणीची तीन स्तोत्रे वगळण्यात आली. ते योग्य की अयोग्य यावर पंडितांचे वाद आहेत; आमचे मत विचाराल तर रागही देवापुढेच ओकलेला बरा, शेजाऱ्यापुढे नव्हे. असो. पण विलाप राहिला, आणि तो आम्ही आमच्या खोलीत बंद करून ठेवला. रविवारच्या गीतांत तो शोधून सापडत नाही. क्रूसावर प्रभूच्या ओठी जे आले, ते बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होता : पित्याने आपल्याला का सोडले, हा प्रश्न. तो उपासना थांबवून विचारलेला नव्हता; ती उपासनाच होती.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देवळांची दारे बंद झाली. त्या महिन्याच्या २७ तारखेला, संध्याकाळी, पावसात, सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले. १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला सान मार्चेल्लो चर्चमधील क्रूस तेथे आणून ठेवला होता. त्यांनी विजयाचा उतारा निवडला नाही; संत मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा निवडला. नावेत निजलेल्या प्रभूला शिष्य उठवतात आणि आम्ही बुडतो आहोत याची तुम्हांला काळजी नाही का, अशी जवळजवळ उद्धट तक्रार करतात. कोणी म्हणेल, त्यांच्या भित्रेपणाबद्दल प्रभूने त्यांना बोल लावलाच ना? लावला. पण मार्कमध्ये आधी समुद्र शांत होतो आणि मग बोल लागतो. (संत मत्तयने क्रम उलटा दिला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) त्या संध्याकाळी नंतर पवित्र साक्रामेंतापुढे बराच वेळ शांतता होती. ती दूरचित्रवाणीवर पाहताना आम्ही आमच्या बंद देवळात रडलो, आणि आम्हांला तेव्हा शेवटचे बाक आठवले.

नवसाचे काय, असे आम्हांला विचारले जाईल. माहीमला संत मायकलच्या देवळात १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. विनंतीची आणि आभाराची पत्रे तेथे येतात, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांत ख्रिस्तेतरही पुष्कळ असतात. यात सौद्याची भावना शिरू शकते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु भाड्याच्या खोलीत अकरा अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणारे जोडपे मेणाचे घर घेऊन रांगेत उभे राहते, तेव्हा त्यांना ईश्वरविद्येचा धडा देण्याची घाई आम्हांला तरी नाही. मागणे ही प्रार्थनेची पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवरून लोकांना ढकलून दिले, तर वर चढणार कोण?

येत्या उपवासकाळापासून आमच्या धर्मग्रामात दर शुक्रवारी, क्रूसाची वाट संपल्यावर, एक विलापस्तोत्र वाचले जाईल. त्यावर प्रवचन होणार नाही. नंतर दहा मिनिटे शांतता, आणि रात्री दहापर्यंत देवळाचे बाजूचे दार उघडे. कोण आले, कोण किती दिवसांनी आले, याची चौकशी कोणी करायची नाही, आम्हीही नाही. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत गायकवृंदाच्या प्रमुखांनी यास विरोध नोंदवला आहे. लोक आधीच दुःखी आहेत, त्यांना आणखी उदास करून घरी का पाठवायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे, म्हणूनच बैठकीत वाद न वाढवता हे उत्तर येथे सविस्तर लिहिले. त्या बाईंकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. चहा घेऊ, शुक्रवारचे सांगू, आणि छत्रीबद्दल क्षमा मागू.