पालखी मुकी का झाली?



संगणकावर चित्रे दाखवायची आणि त्यांना आवाज जोडायचा, ही पद्धत आता खेड्यांतल्या शाळांतही आली आहे. पद्धत फार छान आहे. पण माझे मत असे आहे की ज्या संगणकावर दाखवायचे, त्याच संगणकावर आदल्या दिवशी आवाज वाजवून पाहावा. मगच पालकांना बोलवावे. आणि आवाज आला नाही म्हणून लगेच नवा संगणक मागू नये.

आमच्या पालक मेळाव्यात आम्ही तुकाराम महाराजांच्या पालखीच्या स्लाइड दाखवल्या. ही पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करत इंदापूरला येते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला घोड्याचे. फोटो आम्ही मुलांनी जमवले. टाळ-मृदंगाचा आवाज एका मुलाच्या चुलत्यांनी मोबाईलवर घेतला होता. माझा दादा बारामतीला कॉलेजात शिकतो, त्याने तिकडच्या संगणकावर सगळे जोडून दिले. तिथे झकास वाजत होते. शाळेत लावले तर वाजंना! घोडा दिसतोय, पताका दिसतायत, पण सगळे गप्प. कर्ण्याच्या चित्रावर कितीदा टिचकी मारली, तरी गप्प.

माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. गुडघ्यांमुळे ती आता पालखीलाही जात नाही. ती ऐकायलाच आली होती. ती म्हणाली, "आरं, ही पालखी मुकी हाय का?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "जुना डबा आहे, भंगारात घाला." हे मला पटत नाही. संगणक बिघडला नव्हता. त्याच्यावर दुसरी गाणी वाजत होतीच की. खरे कारण आवृत्तीचे होते. गुरुजींनी आणि दादाने समजावून सांगितले ते मी लिहितो.

पॉवरपॉइंटच्या २००३ आणि २००७ या आवृत्त्या आवाज बहुधा फाईलच्या पोटात घेत नाहीत. वेव्ह प्रकारचा अगदी लहान आवाज, म्हणजे सेटिंग बदलले नसेल तर १०० केबीपर्यंतचा, तेवढाच आत जातो. तो घंटेच्या एका टोलाएवढा! एमपी३ तर बाहेरच राहतो. फाईलमध्ये नुसता पत्ता असतो. म्हणजे एखाद्याने चिठ्ठी द्यावी, "गाणे माळ्यावरच्या पेटीत आहे." चिठ्ठी पेन ड्राइव्हवर आपल्याकडे आली आणि पेटी बारामतीलाच राहिली, तर काय वाजणार?

२०१० पासूनच्या आवृत्त्या आवाज पोटातच घेतात. पेटी विसरायची भीती नाही. पण अशी फाईल २००७ मध्ये उघडली की तिला तो आवाज ओळखू येत नाही, ती नुसते चित्र दाखवते. आमच्या पालखीचे असेच झाले. शिवाय मोबाईलवर घेतलेला आवाज एम४ए प्रकारचा होता, तोही जुन्या आवृत्तीला कळत नाही.

मला यातली सर्वांत मजेची गोष्ट ही वाटली. पीपीटीएक्स फाईलची एक नक्कल करायची आणि तिच्या नावाचे शेपूट बदलून झिप करायचे. मग ती गाठोड्यासारखी सुटते. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर आणि त्यात आपले टाळ-मृदंग! ते बाहेर काढून दादाने वेव्ह करून दिले. स्लाइड आणि आवाज एकाच फोल्डरात ठेवून गुरुजींनी जुन्याच संगणकावर आवाज परत जोडला. खर्च काही आला नाही. पेन ड्राइव्हवर नेताना मात्र सगळा फोल्डर न्यायचा, एकटी फाईल नाही.

नवी आवृत्ती मिळाली तर मला आनंदच होईल. पण पुढच्या वर्षी दादाच्या कॉलेजात आणखी नवी येईल, मग आपली परत जुनीच! दरवर्षी कोण घेणार? त्यापेक्षा बनवणाऱ्याने आधी विचारावे, "तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे?" नव्या पॉवरपॉइंटमध्ये जुन्या प्रकारात साठवायची सोय आहे, पण त्यात पोटातल्या आवाजाचे चित्र होऊन जाते. तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये.

उजनीच्या पाण्यापलीकडे माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पुस्तकांत क्यूआर कोड घालत. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, हे मला जादूसारखे वाटते. पण तो चौकोनसुद्धा पत्ताच आहे. रेंज नसली की तोही मुका. आमच्या वस्तीवर रेंज झाडाखालीच येते.

पुढच्या मेळाव्याला भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या स्लाइड करायच्या ठरल्या आहेत. ज्यांच्याकडे पक्ष्यांचे आवाज असतील त्यांनी ते वेव्ह करून शाळेच्या पेन ड्राइव्हवर 'पक्षी' या फोल्डरात टाकावेत. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला आवाज ओपस प्रकारचा असतो, तो तसाच देऊ नये. आणि आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वाजवून बघायला दोन मुले लागतील. एक मी आहे.

– इयत्ता ४ थी