पंधरा दिवसांचा अभ्यासक आणि मराठी संशोधन

परदेशी अभ्यासकांच्या भारतप्रवेशाचे नियम हा विषय या नियतकालिकात येण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. तो गृहखात्याचा विषय होय, मराठी विभागाचा नव्हे, असे आजवर प्रस्तुत लेखकासही वाटत असे. परंतु मराठीच्या संशोधनाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’चे इंग्रजी भाषांतर १९६८ साली प्रसिद्ध झाले, ते लंडन विद्यापीठात मराठी शिकविणाऱ्या इयान रेसाइड यांनी केले होते. महानुभाव ग्रंथांची त्यांनी केलेली सूची १९६० मधली. गुंथर सोन्थायमर यांनी हायडेलबर्गहून वारंवार येऊन धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची परंपरा अभ्यासिली. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश तुळपुळ्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९९९ साली प्रकाशित झाला. पोथी, बाड, देवळाचा उत्सव किंवा ओवी सांगणारी म्हातारी यांच्यासाठी परदेशी अभ्यासकाला पुन्हा पुन्हा इकडे यावे लागते, हे अशा कामांचे स्वरूपच आहे. एकाच दीर्घ मुक्कामात ते उरकत नाही. शंका कामानंतर निघतात आणि त्यांच्या निरसनासाठी कधी पंधरा दिवसही पुरतात.

नेमक्या या पंधरा दिवसांना आपल्या नियमांत स्वतंत्र जागा नाही. नेपाळ व भूतान या देशांचे नागरिक आणि काही मोजके अपवाद सोडल्यास प्रत्येक परकीयास व्हिसा हवा, हे समजण्याजोगे आहे. अडचण वर्गवारीची आहे. पर्यटकाने संशोधन करावयाचे नाही. परिषदेसाठी निराळा व्हिसा, त्यात आयोजकांनी आधी शासनाची अनुमती मिळवावयाची. संशोधनासाठी आणखी निराळा, तो दीर्घ मुदतीच्या अभ्यासकाला समोर ठेवून रचलेला. केंद्र शासनाच्या ‘ज्ञान’ योजनेखाली व्याख्यान द्यावयास येणारा प्राध्यापक इलेक्ट्रॉनिक व्हिसाच्या पद्धतीत चक्क व्यापारी वर्गात मोडतो! (आमच्या विभागाच्या मानधनाचा आकडा पाहिला तर त्यात व्यापार कोणता, हे सांगणे अवघड जाईल.)

ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदी साहित्येतिहासाच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना दिल्लीच्या विमानतळावरूनच परत पाठविण्यात आले. पूर्वीच्या भेटीत व्हिसाच्या अटींचा भंग झाला होता, असे कारण वृत्तपत्रांतून सरकारी सूत्रांच्या हवाल्याने आले. त्या प्रकरणाच्या खरेखोटेपणात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र मित्रांशी साहित्यावर बोलणे कोठे संपते आणि संशोधन कोठे सुरू होते, ही सीमारेषा ज्याला आखता येईल असा साहित्याचा एकही अभ्यासक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

खांबसारख्या महामार्गावरच्या गावी राहून या गोष्टी लिहाव्यात याला एक स्थानिक निमित्त आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे बेने इस्राएल समाजात आजही आढळतात. ती याच परिसराची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने कीर्तनाचा मराठी घाट स्वीकारला आणि त्यात मोशे, दावीद, योसेफ यांची आख्याने लाविली. मराठी कीर्तनपरंपरेतील हे अपूर्व प्रकरण आपल्या अभ्यासक्रमांत जवळजवळ अनुल्लेखित राहिले आहे. १९५० नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला आणि त्याच्या वह्याही बरोबर गेल्या.

त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील अनेकांना ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ हे कार्ड मिळू शकते. ते दाखवून आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते. पण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार या कार्डधारकालाही संशोधन करावयाचे असल्यास विशेष अनुमती घ्यावी लागते. म्हणजे पणजीचे घर पाहावयास यावे, पणजीच्या कीर्तनाच्या वहीविषयी मात्र अनुमतीवाचून विचारू नये.

परकीयांच्या लेखनाने अनर्थ ओढवतात, हा आक्षेप महाराष्ट्रात तरी हलका मानता येणार नाही. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला आपण विसरलेलो नाही. परंतु त्या वेळी मोडतोड झाली ती आपल्याच संस्थेची. चुकीच्या पुस्तकाचे खंडन करावयाचे तर त्याच साधनांवर हुकमत असलेले मराठी अभ्यासक हवेत, आणि ते परस्परांच्या सहवासातच घडतात.

अमेरिकेचे धोरण एरवी उदार नाही. भारतीयाला तेथे व्हिसा लागतोच. तरी तेथील १९९८ च्या एका कायद्याने अल्पकालीन पाहुण्या अभ्यासकाला एका विद्यापीठात ९ दिवसांपर्यंत व्याख्यान देऊन मानधन घेण्याची मुभा दिली. ६ महिन्यांत ५ संस्थांहून अधिक नाही, एवढीच अट. अशा अभ्यासकाला कायद्याने ओळखले, हे महत्त्वाचे. आपल्याकडेही विभागप्रमुखांच्या निमंत्रणपत्रावर ३० दिवसांपर्यंतचा एकच प्रवेश द्यावा. त्यात व्याख्यान, हस्तलिखितांचे वाचन आणि गावभेट तिन्ही बसावीत. आणि गोळा केलेल्या सामग्रीची प्रत निमंत्रक विभागात ठेवणे बंधनकारक असावे. ही शेवटची अट प्रस्तुत लेखकास सर्वांत मोलाची वाटते, कारण आजवर बरीच ध्वनिमुद्रणे परदेशी गेली आणि येथे त्यांची नोंदही उरली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर जगभरचे अभ्यासक येतील असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते कोणत्या कागदावर येतील, हे कोणी सांगत नाही.

दोष केवळ शासनाचा नाही. काही वर्षांपूर्वी असेच कार्ड असलेल्या एक बाई बारा दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांच्या पणजीचे गाव याच तालुक्यातले. सोबत कीर्तनाच्या वहीची छायाप्रत होती. तीतील कित्येक शब्द ठेठ आगरी वळणाचे, त्यांना न लागणारे. एका महाविद्यालयाने त्यांचे व्याख्यान ठरविले आणि आदल्या दिवशी, अनुमतीचा कागद नाही म्हणून, रद्द केले. कोणता कागद, कोणाकडून, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर त्यांचा निबंध प्रस्तुत लेखकाने वाचून दाखविला आणि त्या श्रोत्यांत बसल्या. उरलेल्या दिवसांत आम्ही वहीची चार पाने लावली. बाकीची पाने अद्याप लागावयाची आहेत. पत्राने विचारलेल्या शब्दांची उत्तरे मिळतात, पण तो शब्द म्हणून दाखविणारी खांबची म्हातारी पत्र वाचत नाही.