एकर आणि गुंठे

माल उतरवून घ्यावा, वाहन बदलावे आणि तो पुढे धाडावा, या कामावर पनवेल वाढले. मुंबईहून गलबतांनी आलेला माल येथील खाडीवर बैलगाड्यांत चढे आणि 1830 मध्ये गाड्यांसाठी खुल्या झालेल्या बोरघाटाने पुण्याकडे जाई. गाडीची चाके घडवणे हा गावाचा प्रमुख धंदा असल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्येही आहे. 1852 पासून नगरपालिका आणि 2016 पासून महापालिका असलेल्या याच शहराला आता वाहनबदलासाठी जागा सुचू नये, याची चीड संपादकांना वर्षभर छळत आली आहे.

25 डिसेंबर 2025 पासून शेजारच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, वर्षाचा एवढा आढावा पुरे. राज्याच्या 2024 च्या लॉजिस्टिक धोरणाने, म्हणजे मालाची साठवण, वाहतूक आणि वितरण यांच्या एकत्रित आखणीने, पनवेल परिसरासाठी 2000 एकरांचे केंद्र योजले आहे. मात्र गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचा जो शेवटचा टप्पा सर्वांत खर्चिक असतो, त्यासाठी वस्तीत चार गुंठेही राखले जात नाहीत. परिणामी खारघर-कामोठ्यात पार्सलांची वाटणी पदपथावर चालते आणि एकाच सोसायटीच्या फाटकाशी वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे रिकामे टेम्पो पाठोपाठ येऊन उभे राहतात.

यावरचा उपाय म्हणजे वस्तीतील वितरण केंद्र: दोन-तीन किलोमीटरच्या परिघासाठी अनेक कंपन्यांचा माल एकत्र उतरवून तो विजेच्या तीनचाकींवर किंवा मालवाहू सायकलींवर चढवण्याची, रस्त्याबाहेरची जागा. युरोपातील अशी अनेक केंद्रे सरकारी अनुदान थांबताच बंद पडली, कारण प्रतिस्पर्ध्याच्या हाती माल सोपवण्यास कंपन्या नाखूश होत्या आणि शहरातले भाडे परवडत नव्हते. म्हणूनच जागा महापालिका आणि सिडको यांनी द्यावी, ती सर्वांना समान दराने खुली ठेवावी आणि केंद्र सुरू झाल्यावर गर्दीच्या वेळी उरण नाक्यासारख्या भागांत टेम्पोंना मज्जाव करावा; या तिन्ही गोष्टी एकत्र न केल्यास केंद्राचे गोदाम आणि गोदामाचे वाहनतळ व्हायला वेळ लागणार नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वाट’ आहे आणि त्यातील कथा-कवितांचा टेम्पोंशी काही संबंध नाही, हे मान्य. तरीही हा अंक घरपोच मागवणाऱ्या वाचकांनी आपल्या प्रभागातील अशा केंद्राजोगी एखादी मोकळी सार्वजनिक जागा हेरून तिची लेखी मागणी महापालिकेकडे नोंदवावी.