यादीत नसलेली वाडी

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. विधिमंडळाचे अधिवेशन त्या वेळी चालू होते. तेथे सरकारने सांगितले की, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. विधान खरेच होते. परंतु माळीण २०१४ साली गाडले गेले, महाड तालुक्यातील तळिये २०२१ साली गेले, आणि त्यानंतरही जी यादी अपुरीच राहिली ती सरकारच्या बचावाचा पुरावा कशी ठरते? आरोपपत्राची सुरुवातच तिच्यापासून व्हावयास हवी.

संकटाला नाव दिले नाही म्हणजे त्याची जबाबदारी येत नाही, हे शासकीय शहाणपण जुने आहे. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नाविना मेली, तरी तेथील सरकारने दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही. कारण जाहीर केला असता तर संहितेत ठरवून दिलेले धान्य द्यावे लागले असते. हे परकीयांचे राज्य होते असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ साली खास कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला व तेथे ‘टंचाई’ आणून बसविली. दुष्काळ पडण्यास आता वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्या काळात लोकांनी मोर्चे काढले, संघटना उभ्या केल्या, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये पदरात पडला. कोणत्याही अहवालाने तो दिलेला नाही.

आता आजचा कायदा पाहावा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर वर्षभरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत झाला. त्याच्या ७० व्या कलमानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने दरवर्षी आपल्या कामाचा खरा व संपूर्ण वृत्तान्त द्यावयाचा आणि केंद्र सरकारने तो हाती येताच एका महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा. तरतूद निर्दोष आहे. राष्ट्रीय योजना तयार करण्याचे बंधनही याच कायद्यात आहे. ती योजना प्रसिद्ध झाली २०१६ साली, म्हणजे अकरा वर्षांनी. दरम्यान दरवर्षी वृत्तान्त मात्र लिहिले जातच होते!

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी एप्रिल २०१३ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात हे सारे स्पष्ट शब्दांत मांडले होते. राष्ट्रीय योजना अस्तित्वात नाही, आणि उत्तराखंडात २००७ साली स्थापन झालेल्या राज्य प्राधिकरणाने नियम वा मार्गदर्शक तत्त्वे काहीही केलेली नाहीत, असे त्यात नमूद होते. दोनही महिने गेले नाहीत तोच जूनमध्ये केदारनाथ वाहून गेले. आपत्तीपूर्वी आलेला इतका नेमका इशारा क्वचितच आढळेल. 

२४ मार्च २०२० रोजी हाच कायदा वापरून चार तासांच्या सूचनेवर देश बंद करण्यात आला. हुकूम काढण्यापुरता कायदा समर्थ ठरला. सप्टेंबरात संसदेत विचारण्यात आले की, पायी घरी निघालेले किती मजूर वाटेत मेले? अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. याच कायद्याच्या १२ व्या कलमाखालील किमान साहाय्याचे निकष ठरविणे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, हे प्राधिकरणाला जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकावे लागले. तेव्हा कोठे कोविडमृतांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये ठरले.

कलमेही कधीकधी नाहीशी होतात. भीषण आपत्तीत कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस प्राधिकरणाला करता येत असे, ते १३ वे कलम होते. जुलै २०२४ मध्ये वायनाडची गावे दरडीखाली गेली. घर, जमीन, माणसे सारे गेलेल्यांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज तेवढे उरले. केरळ उच्च न्यायालयात या कलमाची आठवण देण्यात आली. २०२५ च्या दुरुस्तीने कलमच वगळण्यात आले, आणि आता असा अधिकार राहिलेला नाही असे केंद्राने न्यायालयाला सांगितले. १९६३ साली शब्द गेला होता, या वेळी कलम गेले.

सरकारला काहीच जमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ च्या फायलिन वादळात ही संख्या काही दहांवर आली. किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, लक्षावधी लोकांना वेळेवर हलविण्यात आले. डोंगरातल्या आदिवासी वाडीसाठी हे अशक्य का असावे? पैशाचे कारण पुढे केले जाते. पण प्रतिबंधक कामांसाठी वेगळा निधी हवा हे २००५ च्याच कायद्यात आहे, आणि राष्ट्रीय पातळीवरचा तो निधी उभा राहिला २०२१ मध्ये. त्यातही पंधराव्या वित्त आयोगाने ८० टक्के रक्कम मुख्यतः आपत्तीनंतरच्या कामांसाठी व २० टक्के प्रतिबंधासाठी अशी वाटणी केली. मदतीचा धनादेश देताना मंत्र्यांचे छायाचित्र निघते. वेळीच हलविलेल्या वाडीचे कोण काढणार?

१८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी इंग्रजीतल्या दुष्काळ संहितेचे मराठी भाषांतर करून ते खेड्यापाड्यांत वाटले, तहशील-माफीचा हक्क शेतकऱ्यांना समजावून दिला. त्यासाठी १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. आज अधिनियमाच्या ३१ व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना असलीच पाहिजे व दरवर्षी तिचा फेरविचार झालाच पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ती जिल्हाधिकारी कचेरीतून मिळवावी, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि आपल्या तालुक्यातील कोणत्या वाड्यांची नावे तिच्यात नाहीत ते लेखी मागावे.