यंत्रणा बसवणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि तेथे झोपलेल्यांपैकी सहा कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्याच्या दुकानाला लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यावर पोहोचला आणि एकाच कुटुंबातील सात जणांचा गुदमरून अंत झाला. दोन्ही आगी ऐन झोपेच्या वेळच्या. वेळीच इशारा मिळाला असता तर यांपैकी किती जण वाचले असते, हे आज ठामपणे सांगता येणार नाही. परंतु झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करतोच असे नाही, आणि म्हणूनच फायर अलार्म लागतो, एवढे या दोन घटनांनी शहराला नक्कीच शिकवले आहे.

अशा दुर्घटनेनंतर पहिली मागणी होते ती ‘फायर ऑडिट’ची. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भकांचा मृत्यू झाला, तेव्हा राज्यभरातील रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. यंत्रणा आहे की नाही, हा प्रश्न ऑडिटमध्ये विचारला जातो. ती कोणी बसवली आणि बसवणाऱ्याला ते काम येते हे कोणी तपासले, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

वास्तविक या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा दुबळा नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांसंबंधीचा २००६ चा अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची कामे केवळ अग्निशमन सेवा संचालकांनी परवाना दिलेल्या संस्थेकडूनच करून घेता येतात. काम पूर्ण झाल्यावर ‘नमुना अ’मधील आणि पुढे दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’मधील प्रमाणपत्र याच परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. प्रत्यक्षात पूर्तता नसताना असे प्रमाणपत्र देण्यास कायद्याने मनाई आहे.

उणीव आहे ती पुढच्या पायरीवर. परवाना संस्थेला मिळतो. शिडीवर चढून डिटेक्टर बसवणारा तंत्रज्ञ मात्र अनेकदा उपठेकेदाराचा माणूस असतो. काल तो सीसीटीव्हीच्या तारा ओढत होता, आज फायर अलार्मच्या ओढतो. विजेच्या क्षेत्रात आपण ही मोकळीक ठेवलेली नाही. तेथे ठेकेदाराला अनुज्ञप्ती, पर्यवेक्षकाला सक्षमता प्रमाणपत्र आणि वायरमनला त्याच्या स्वतःच्या नावाचे परमिट लागते. घरात पंख्याची जोडणी करणाऱ्याकडून जी अपेक्षा, ती रुग्णालयात धोक्याची घंटा बसवणाऱ्याकडून नसावी, ही विसंगती आहे.

हे काम तारा जोडण्यापुरते मर्यादित असते तर एवढी चिंता नव्हती. आय. एस. २१८९ या भारतीय मानकात डिटेक्टरची निवड, जागा, अंतर, वीजपुरवठा आणि देखभाल यांचे तपशीलवार नियम आहेत. स्वयंपाकघरात धूर टिपणारा डिटेक्टर बसवला की रोज खोटा इशारा मिळतो. तेथे उष्णता टिपणारा हवा. रोजच्या खोट्या इशाऱ्यांना कंटाळून पहारेकरी पॅनेलचा आवाज बंद करतो आणि नेमक्या रात्री यंत्रणा मुकी राहते. झोपलेल्यांना जागे करायचे असेल तर उशापाशी किमान ७५ डेसिबल आवाज पोहोचायला हवा. भोंगा जिन्यात लावून हे साधत नाही. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेले प्लॅस्टिकचे टोपण नंतर काढले की नाही, हेही कोणीतरी पाहावे लागते. यांपैकी एकही चूक कागदावर दिसत नाही.

मग बसवणाऱ्यांना अधिमान्यता कोणत्या पद्धतीने द्यावी? ब्रिटनमध्ये ‘बाफे’ची योजना मुख्यत्वे कंपनीला प्रमाणित करते, पण आराखडा, उभारणी, कार्यान्वयन आणि देखभाल या चार कामांसाठी स्वतंत्रपणे. अमेरिकेत ‘नायसेट’चे प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते. परीक्षा आणि अनुभव यांच्या आधारे त्याच्या चढत्या श्रेणी आहेत. आपल्याकडे निविदांसोबत सर्रास जोडले जाणारे आय. एस. ओ. ९००१ प्रमाणपत्र यांपैकी काहीच सांगत नाही. कंपनीची कार्यपद्धती नेटकी आहे एवढेच ते दाखवते. डिटेक्टर योग्य जागी आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. एखाद्या उत्पादकाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा दाखलाही त्या उत्पादकाच्या पॅनेलपुरताच उपयोगाचा असतो.

महाराष्ट्राने संस्थेचा परवाना कायम ठेवून त्याला व्यक्तीच्या प्रमाणपत्राची जोड द्यावी, हेच अधिक योग्य ठरेल. परीक्षा मराठीतून, प्रात्यक्षिकासह आणि ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागणारी असावी. ती घेणारी संस्था मालविक्री करणाऱ्यांपासून स्वतंत्र असावी. याने लहान ठेकेदार भरडले जातील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच शुल्क माफक ठेवून अनुभवी तंत्रज्ञांना पुरेशी मुदत द्यायला हवी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा वसाहती असलेल्या या शहरात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे. ‘सीएमआयए’ व ‘मासिआ’सारख्या उद्योजक संघटनांनी पुढाकार घेतला तर प्रात्यक्षिकांसाठी मुंबईची वाट धरावी लागणार नाही.

तोपर्यंत रुग्णालये, कारखाने आणि गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. परवान्याची मुदत आणि त्यात नमूद केलेली कामे तपासावीत. प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव व अनुभव करारात लिहून घ्यावा. ‘नमुना ब’वर शिक्का घेण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावर कृत्रिम धूर सोडून चाचणी मागावी, वीज तोडून बॅटरीवर यंत्रणा चालते का ते पाहावे आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. ज्याने यंत्रणा बसवली त्यानेच ती उत्तम असल्याचे लिहून द्यायचे, या रिवाजाला निदान दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्या परवानाधारकाकडून तपासणी करून छेद द्यावा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना आपण नेमके काय कमी केले, याचा हिशेब आग लागण्यापूर्वीच मांडलेला बरा.